अनुभव धागा: फॅनफिक कुठे येऊन सोडून देता?

गोव्यात फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिका-सिनेमांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, वाचणारे मराठी लोक किती, देव जाणे. पण जे आहेत ते भरपूर वाचतात आणि त्यातलं अर्धंअधिक मध्येच सोडतात. लिहिणाऱ्याच्या कुठल्या सवयीने तुमचं मन उडतं? लेखकाचं नाव नको, लिंक नको, सवय सांगा.

सुरुवात मी करते. 'मला सारांश लिहायला जमत नाही, पण गोष्ट यापेक्षा बरी आहे, प्लीज वाचा ना.' बाई गं, मालच वाईट म्हणून सांगितल्यावर गिऱ्हाईक थांबेल कशाला?

पेडण्याहून:
माझं गाऱ्हाणं एकच, पण मोठं. पात्र स्वतःचा स्वभावच विसरतं. मालिकाभर कुणाशी धड न बोललेला खडूस इन्स्पेक्टर फिकमध्ये दुसऱ्याच परिच्छेदात नायिकेच्या खांद्यावर डोकं टेकून बालपणाच्या आठवणींनी हुंदके देतो. रडू दे की, माझी ना नाही, पण त्याला तिथवर आणा! आधी तिचा फोन न उचलणं, मग उगाच तिच्यावर डाफरणं, मग रात्री गाडी काढून तिच्या इमारतीखाली जाऊन तसंच परत येणं. हे सगळं गाळून थेट अश्रू कसे?

आमच्या पट्ट्यात जत्रेला दशावतार होतो. आख्यान ठरलेलं, पण लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे. एका अर्थी फॅनफिकच. नट पंचायतीला चिमटे काढतो, लोक हसतात. पण भीम शकुनीसारखा गोड गोड बोलायला लागला तर पुढे बसलेले म्हातारे तिथल्या तिथे हटकतील. एयू, म्हणजे तीच पात्रं वेगळ्याच जगात नेऊन लिहायचंय? लिहा, भीमाला बँकेत कॅशियर करा. मात्र काउंटरवर कुणी अरेरावी केली की त्याची मूठ वळलीच पाहिजे.

डिचोलीहून:
'दहा कमेंट आल्या तरच पुढचा भाग टाकणार.' बरं. राहिलं.

मडगावहून:
पेडण्याच्या दादांचं पटलं. माझी चीड वेगळी आहे. लेखकाला पात्रं सुट्टीवर पाठवायची असली की गोवा! आणि कुठला गोवा? एका फिकमध्ये जुलै महिन्यात दोघं कळंगुटला किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या शॅकमध्ये मेणबत्ती लावून जेवतात, समोर शांत समुद्र. अहो, शॅक पावसाआधीच उतरवतात, आणि जुलैतला समुद्र पाहिलाय का कधी? मेणबत्ती सोडा, छत्री टिकत नाही. दुसरीकडे नायक नाताळात ताजी हुर्राक पितो. हुर्राक ही काजूबोंडांची दारू, काजूच्या हंगामातली, मार्च ते मे. पणजीहून रिक्षाने पंधरा मिनिटांत पार दक्षिण टोकाच्या काणकोणातलं पाळोळें, म्हणजे काणकोण जणू मिरामारच्या मागेच! भेटेल तो माणूस पीटर नाही तर मारिया, आणि प्रत्येकाच्या तोंडी वाक्यागणिक 'मॅन'. 2011च्या जनगणनेत इथले सुमारे दोन-तृतीयांश लोक हिंदू आहेत; एखादा नाईक, गावकर रस्त्यात भेटायला काय हरकत आहे? प्रेमप्रसंग बरा होता म्हणे. माझं लक्षच नव्हतं.

वास्कोहून:
लेखिकेने आपल्या पदरची घुसवलेली नवी मुलगी. वय सतरा, तलवार येते, गाणं येतं, मूळ नायकाला न सुटलेलं कोडं ती चहा पिता पिता सोडवते आणि सगळे तिच्यावर फिदा. दुखणं जुनंच आहे म्हणा. 1973 साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांसाठीच्या एका फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या हौशी मासिकात, याचीच टिंगल करणारी छोटी गोष्ट लिहिली होती. तिच्यातली साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू. तेव्हापासून असल्या पात्रांना मेरी सूच म्हणतात.

फोंड्याहून:
वास्कोकर, थोडं थांबा. हीरो एकटा वीस गुंड लोळवतो, विमान चालवतो, वर गातोही, तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःला गोष्टीत घातलं तर घालू दे, अशानेच हात बसतो. मी त्या फिक वाचत नाही, पण हसतही नाही.

मला खरा ताप होतो तो आख्खा एपिसोड संवादासकट पुन्हा उतरवून कोपऱ्यात आपलं एक पात्र उभं करतात त्याचा. तो एपिसोड मला पाठ आहे हो.

म्हापशाहून:
'उंच तरुणाने निळ्या डोळ्यांच्या मित्राकडे पाहिलं. डॉक्टर हसला. थोरल्याने मान वळवली.' खोलीत माणसं किती? दोन! नावं आहेत ना त्यांना? शिवाय परिच्छेद पाडतच नाहीत. कदंब बसमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचताना एक धक्का बसला की ओळ हरवलीच.

साखळीहून:
टॅग, म्हणजे गोष्टीत काय आहे ते सांगणारी लेबलं. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर मुख्य पात्र मरणार असेल तर तसा इशारा देता येतो. द्यायचा नसेल तर 'इशारा देत नाही' असंही निवडता येतं, मग पुढचं माझ्या जबाबदारीवर. पण 'हलकंफुलकं, गोड' लिहून तिसऱ्या भागात आवडत्या माणसाला ट्रकखाली घालायचं, याला काय म्हणावं? याउलट काही जणांचे टॅगच इतके लांब, की गोष्ट तिथेच कळते.

कुडचड्याहून:
अर्धवट राहिलेल्या फिकबद्दल कुणीच बोललं नाही. माझा त्यावर राग नाही. लोक फुकट लिहितात, परीक्षा येतात, नोकऱ्या लागतात. फक्त 'आता पुढे लिहिणार नाही' एवढं टाका, आणि खून कुणी केला होता तेही सांगून टाका.