टेक्ससमधे पाऊस पडला की जमिनीतलं पाणी लगेच वर येतं, आपल्या इंदूरला का नाही?

सुनंदा_लोकमान्यनगर:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी सॅन अँटोनियोला असते. तिकडे हवामानाच्या बातम्यांतच जमिनीखालच्या पाण्याचा आकडा सांगतात, जे-17 नावाची एक विहीर आहे म्हणे, तिची पातळी उतरली की लॉनला पाणी घालायचे वार ठरवून देतात, आणि जोराचा पाऊस झाला की थोड्याच दिवसांत तोच आकडा फुटांनी वर चढलेला असतो. इकडे आमच्या कॉलनीत पावसाळाभर धो धो पडूनही फेब्रुवारीत बोरिंग खडखडाट. शेजारच्यांनी 600 फुटांपर्यंत नेलं तर नुसती काळी भुकटी वर आली. खडक वेगळा एवढं कळतं, पण नेमकं काय ते कोणी नीट सांगेल का? आणि अजून एक, गच्चीचं पाणी पाइपाने सरळ बोरिंगमधे सोडायचं कॉलनीत घाटतंय. मुलगी म्हणते, आई असं मुळीच करू देऊ नकोस.

मालवा_भूजल:
सुनंदाताई, खडकात पोकळी किती आणि ती एकमेकींना जोडलेली आहे का, सगळं त्यावर असतं. मुलीच्या शहराखाली एडवर्ड्स नावाचा चुनखडक आहे. साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, कोमट समुद्र होता, शिंपले, कवचं, चुन्याचा गाळ असं साचत साचत शेकडो फूट जाड थर झाला. मधे समुद्र हटला, खडक उघडा पडला आणि पावसाने तेव्हाच त्याला पोखरायला सुरुवात केली, मग परत समुद्र आला आणि वर चिकणमातीचे थर बसले. पुढे सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी तिथल्या बाल्कोनीस नावाच्या पट्ट्यात जमीन तुटून पायऱ्यापायऱ्यांनी दक्षिणेकडे खाली सरकली. त्यामुळे उत्तरेला चुनखडक उघडाच राहिला आणि शहराखाली तोच खडक मातीच्या झाकणाखाली खोल गेला. डोंगराकडून येणाऱ्या नद्या त्या उघड्या पट्ट्यावरून वाहताना भेगांमधे इतकं पाणी घालवतात की काहींचं पात्र पुढे कोरडंच दिसतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आकडा चढला म्हणजे कालचा पाऊस जे-17 मधे पोचला असं नाही हं. झाकणाखालचं पाणी दाबाखाली असतं, वरच्या टाकीत पाणी वाढलं की तळमजल्यावरच्या नळाचा जोर लगेच वाढतो ना, तसं. उत्तरेला भर पडली की दाब लांबवर जाणवतो, प्रत्यक्ष पाणी मागाहून येतं.

आणि चुनखडक विरघळतो ही खरी गोष्ट. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, भेगेच्या कडा खातं, भेग रुंद झाली की तिथून जास्त पाणी जातं आणि ती अजून रुंद होते, असं लाखो वर्षं चाललं की गुहाच तयार होतात. तोच चुना मुलीच्या किटलीत पांढरा थर होऊन बसत असणार, विचारा तिला.

आपल्याखाली मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकावर एक थर. तो असा विरघळत नाही. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात पण बरीचशी बंद, आत पांढरी स्फटिकं भरलेली. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. त्याखाली अखंड काळा पत्थर लागला की 600 काय नि 800 काय, भेग सापडली नाही तर भुकटीच. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते पण चार सरी पडल्या की फुगून तोंड मिटते आणि बाकीचं पाणी नाल्याने निघून जातं.

रवी_सॅनअँटोनियो:
मी मूळचा इंदूरच्या रामबागचा, बरीच वर्षं इकडेच आहे. वर फार छान लिहिलंय, थोडी भर घालतो. जे-17 चा आकडा म्हणजे खोली नव्हे, पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. दहा दिवसांची सरासरी 660 फुटांखाली गेली की उपशावर पहिला निर्बंध. 1956 च्या दुष्काळात जे-17 ची पातळी 612 पर्यंत उतरली होती आणि जवळच्या न्यू ब्राउनफेल्सचे कोमल झरे जून ते नोव्हेंबर पूर्ण आटले होते, 1992 मधे तीच विहीर 703 वर होती. त्या 1956 साली अख्ख्या खडकात जेमतेम 44 हजार एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) भर पडली, 1992 साली जवळपास 25 लाख! म्हणजे भरतो झपाट्याने पण दोन-तीन वर्षं पाऊस रुसला की उतरतोही तसाच, त्यामुळे इथे पाणी भरपूर आहे असं समजू नका.

आधी इथे ज्याची जमीन त्याचं पाणी, हवं तेवढं उपसा. झऱ्यांत राहणाऱ्या दुर्मिळ जीवांवरून कोर्टकचेरी झाली आणि 1993 मधे कायदा करून उपशाला परवाने लावले. इथे हजार फुटांहून खोल विहिरींतून आंधळे मासे वर आलेत, डोळे नाहीत, रंग नाही. एवढा मासा पोहतो म्हणजे खाली केवढ्या पोकळ्या असतील बघा. आणि त्याच पोकळ्यांतून घाणही न गाळता जाते, मुलगी घाबरते ती यालाच. 2000 साली इथल्या लोकांनी मत देऊन विक्रीकर किंचित वाढवून घेतला, त्यातून त्या उघड्या पट्ट्यावर बांधकाम होऊ नये म्हणून जमिनी राखल्या. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

धारकर:
चुनखडक आपल्याकडेही आहे बरं का. धार जिल्ह्यात बाग, मनावरच्या बाजूला जा, नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोरांच्या काळात पश्चिमेकडून समुद्र आत आला होता, त्याचा चुनखडक लाव्हाच्या खालून डोकावतो. हातात घेतला की शिंपल्यांचे तुकडे उघड्या डोळ्यांनी दिसतात. पण थर पातळ आहे, एडवर्ड्सएवढं पाणी तो धरणार नाही.

सुनंदा_लोकमान्यनगर:
सगळ्यांचे मनापासून आभार, दाबाचं तर अगदी पटलं. मग गच्चीच्या पाण्याचं काय करू? कॉलनीच्या मागे एक जुनी विहीर आहे, हल्ली कचराच टाकतात तिच्यात.

मालवा_भूजल:
सरळ बोरिंगमधे अजिबात नको. आपल्या खडकातली भेगही पाणी गाळत नाही, पक्ष्यांची विष्ठा आणि गच्चीची धूळ थेट आत जाईल, आणि गाळाने भेग बुजली की चालू बोरिंगही हातचं जाईल. विहीर असताना बोरिंग कशाला! आधी तिच्यातला कचरा आणि गाळ पूर्ण काढा, बाजूला मुरूम उघडा दिसेपर्यंत, कारण पाणी तिथूनच जिरतं. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडून द्या. मग गिट्टी आणि रेतीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडा, खड्ड्याची रेती दर मे महिन्यात धुवायची. काठाला जाळी लावा, नाहीतर परत पिशव्या पडतील.