मदत हवी आहे: मुलाच्या खिशात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं, ह्यांना सांगायचं का?

मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्स. परवा मशीन लावताना जीन्सचे खिसे उलटे केले तर जाडसर पेनड्राइव्हसारखं काहीतरी हातात आलं, आंब्याचा गोड वास येणारं. मी आधी हायलायटरच समजले! २०१९ पासून विक्रीला बंदी आहे हे माहीत आहे, तेव्हा 'मिळालं कुठून' यावर कृपया अडकू नका.

ओरडले नाही. समोर बसवलं की तो गप्प होतो, म्हणून स्कूटरवर मागे बसवून विषय काढला. तेव्हा म्हणाला, चार महिने झाले, रोज, रात्री अभ्यासाला बसताना. दोनदा सोडलं, पण चिडचिड आणि झोप नाही. तंबाखू सोडण्यासाठीची १८००-११-२३५६ हेल्पलाइन दिली, तर "तिथे काका लोक फोन करतात" म्हणून केलाच नाही. निकोटिनचं च्युइंगगम डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही, हे मी ठरवलंय.

आम्ही साताऱ्यात. दर आठवड्याला पुणे जमणार नाही, ऑनलाइन चालेल. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. दहावीत मार्कांवरून एकदा हात उठला होता, त्यानंतर महिनाभर बापलेकांत अबोला. मुलाने मला शपथ घातली आहे.

ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांना विचारते: समुपदेशक पहिल्याच भेटीला दोन्ही पालकांना बोलावतात, की एकटी आई चालते? आणि ह्यांना मी आधी सांगू, की मुलालाच सांगू द्यावं?