वाडा पाडल्यावर लाखभर दंड : भीती कुणाला? (जुने वाडे वाचवण्यावरची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं)

अजिंक्यतारा : केंद्राने संरक्षित केलेली वास्तू पाडली तर १९५८ च्या कायद्यात तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१० मध्ये तो दोन वर्षे किंवा एक लाख (किंवा दोन्ही) झाला. साताऱ्यात पेठेतल्या जागेचा भाव बघा, लाखाला कोण भिणार? बिल्डर तो दंड खर्चातच धरेल. दंडापेक्षा त्या जागेवर दहा वर्षं बांधकामच बंद करा. मेलबर्नचा कॉर्कमन पब २०१६ मध्ये विनापरवाना पाडला, त्यानंतर तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये अशी दहा वर्षांपर्यंत बंदी घालता येईल असा कायदा केला.

यादोगोपाळ पेठ : तुमचा कायदा लेण्यांना, गडांना. आमचा वाडा कुठल्याच यादीत नाही. उताऱ्यावर अकरा नावं, निम्मी पुण्यात. भाडेकरू चाळीस रुपये भाडं मनीऑर्डरने पाठवतो, कारण आम्ही ते हातात घेत नाही; म्हणून आम्हीच वाईट. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात फुगते. वारसा जपायचा तर वर्गणी काढा की!

अजिंक्यतारा : यादीत नाही हेच तर दुखणं. यादी यायच्या आत जेसीबी येतो. लंडनची कार्लटन टॅव्हर्न (पब) २०१५ मध्ये अशीच यादीत जायच्या तोंडावर पाडली. पालिकेने पुन्हा जशीच्या तशी बांधायला लावली, २०२१ मध्ये उघडली.

वाईकर : बांधता आली, कारण तिच्या तपशीलवार नोंदी आधीच झाल्या होत्या. आपल्या पेठेतल्या वाड्याचा साधा नकाशा तरी कुणी काढलाय का? आणि वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्याचं उदाहरण कुणी देऊ नका. तिथे घाट आहे, शूटिंगं होतात. प्रत्येक वाड्याला कृष्णामाई मिळत नाही.

सांगलीचा वकील : शिक्षा वाढवून काही होणार नाही, पळवाट दुसरीकडे आहे. चार कौलं काढून ठेवायची, दोन पावसाळे थांबायचं. माती भिजते, तुळई कुजते, मग 'धोकादायक इमारत' म्हणून नोटीस मिळते. आता पाडलं तर तो गुन्हा नाही, आज्ञापालन! नोटिशीआधी जुन्या बांधकामातल्या जाणकाराकडून ऑडिट सक्तीचं करा, आणि मालकाला टीडीआर (त्या जागेवर न वापरलेला, दुसरीकडे विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्या. नुसता दंडुका दाखवला तर लोक रात्री पाडतील.

अजिंक्यतारा : टीडीआर विकून पैसे घेतील आणि वाडा तसाच कुजवतील. दुरुस्ती झाल्याशिवाय एक फूटही देऊ नका.

यादोगोपाळ पेठ : आणि दुरुस्तीला पैसे आधी कुठून आणू? शिवाय वकीलसाहेब, आमची कौलं आम्ही काढली नाहीत हो, माकडांनी फोडली. ऑडिटची फी कोण भरणार, तेवढं सांगा.