शब्दचर्चा : अँपच्या 'प्रोफाइल'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धवट_रियाझ

गेले पंधरा दिवस भाच्याला फोनवरून मेटल संगीतातल्या गिटारचा टोन लावायला शिकवतोय. तो नाशिकला, मी ठाण्यात. शंभर वॉटचा ट्यूब अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) फ्लॅटमध्ये मोकळेपणी वाजवायची सोय दोघांकडेही नाही, त्यामुळे सगळा कारभार लॅपटॉप, हेडफोन आणि प्रोफाइलवर. आणि याच शब्दाने घोळ घातलाय. ५१५० नावाच्या अँपची प्रोफाइल उघडली की तो म्हणतो, "मामा, अँप उघडला." मग अँप समजून गेनचं (आवाज किती फाडायचा ते ठरवणारं) बटण पिरगाळत बसतो आणि तासाभराने निकाल देतो, "यात दम नाही."

दम आहे हो. पण तो अँप नाही ना! बटणं एका ठरावीक जागी असताना कुणाचा तरी अँप जसा वाजला, त्याची ती नोंद आहे. याला चपखल शब्द सुचवा. माझी यादी : प्रतिमा, नमुना, छाप, ठसा. शिवाय 'टोन'ला काय म्हणता? 'आवाज' म्हटलं की भाचा व्हॉल्यूम वाढवतो.

पाटीपेन्सिल

टोनला शब्द आहे, आणि गाण्याच्या परीक्षा दिलेल्यांनी तो पाठ केलेला आहे. नादाचे तीन गुण : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. तोच सा सतारीवर आणि सनईवर वेगळा ओळखू येतो तो जातीमुळे, म्हणजे मूळ नादासोबत कोणते सहायक नाद किती जोरात येतात त्यामुळे. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज फाटणं) नेमकं तेच बदलतं : लहरीचे शेंडे छाटतं, त्यातून नवे सहायक नाद निघतात. तेव्हा टोन म्हणजे नादाची जात. बोलताना मात्र "तुझ्या गिटारची जात कोणती?" असं विचारून बघा, काय होतं ते. मी टोनच म्हणतो.

प्रोफाइलबद्दल : हा शब्द या धंद्यात रूढ केला जर्मनीच्या ख्रिस्तॉफ केम्पर यांनी, २०११मध्ये त्यांचं यंत्र पुढे आलं तेव्हा. यंत्र खऱ्या अँपमध्ये चित्रविचित्र चाचणी-आवाज सोडतं, माइकमधून परत आलेलं ऐकतं आणि त्यावरून स्वतःला जुळवून घेतं. पुढे हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीने 'कॅप्चर' म्हटलं, इटलीच्या आयके मल्टिमीडियाने २०२२मध्ये 'टोन मॉडेल'. फुकट मिळणाऱ्या न्यूरल अँप मॉडेलर या सॉफ्टवेअरमध्ये साधारण तीन मिनिटांची ठरलेली ध्वनिफीत अँपमधून वाजवून रेकॉर्ड करतात आणि कॉम्प्युटरला ती नक्कल शिकवतात.

यापेक्षा जुनी ती मॉडेलिंगची रीत. १९९८चा लाइन सिक्सचा पॉड आठवत असेल कुणाला, लाल घेवड्यासारखा दिसायचा. तिथे अँपचं वागणं गणितात बसवतात, त्यामुळे बटण फिरवलं की अँपचं बटण फिरल्यासारखं होतं. निदान तसा प्रयत्न असतो. म्हणून मॉडेलला 'प्रतिकृती' आणि प्रोफाइलला 'ठसा' असा भेद करावा असं सुचवतो.

(ती प्रोफाइल की ते प्रोफाइल? मी नपुंसकलिंगी. आमच्या घरात यावर एकमत नाही.)

जाडतार

ठशाला माझं मत. मराठीत ठसा म्हणजे उमटलेली खूणही आणि जिने खूण उमटते तो सोनाराकडचा साचाही. इथे दोन्ही लागू पडतात. फाइल हा त्या अँपचा ठसा, आणि तुमची गिटार त्यातून गेली की तिच्यावर तोच उमटतो.

शब्द बदलला की हात कसा बदलतो ते सांगतो. अँप समजणारा माणूस बटणं फिरवतो, ठसा समजणारा माणूस ठसा निवडतो. बहुतेक ठशांमध्ये बेस-मिडल-ट्रेबल ही बटणं त्या अँपची नसतातच, वरून लावलेली सर्वसाधारण असतात. गेनही थोडा इकडेतिकडे चालतो. आठवर घेतलेला ठसा तीनवर आणला तर तो तीनवरचा अँप होत नाही. तीनचा हवा तर तीनचा शोधा.

म्हणून फाइलचं नाव वाचायला शिका. माझ्याकडच्या एकीचं नाव : '५१५० लीड – गेन ४ – टीएस – व्ही३० – ५७'. अख्खी कुंडली आहे ती. पीव्ही कंपनीचा १९९२चा अँप, लीड चॅनल, गेन फक्त चारवर, पुढे ट्यूबस्क्रीमर पेडल, सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० स्पीकर, समोर शूरचा एसएम५७ माइक. मेटलला गेन चारच कसा, असं नवख्याला वाटतं. तर ते ट्यूबस्क्रीमर ड्राइव्ह (पेडलचं स्वतःचं फाटणं) शून्यावर आणि लेव्हल भरपूर ठेवून लावलेलं असतं. साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालच्या पट्ट्याला ते फारसं उचलत नाही, त्यामुळे अँपमध्ये जाणारा खर्ज आधीच रोडावतो आणि तोडमोड होते ती मधल्या पट्ट्याची. यालाच इंग्रजीत 'टाइट' म्हणतात. मी 'आवळ' म्हणतो. आवळ बांधलेली मोळी सुटत नाही, तसं.

आता भाच्याला विचारा, त्याने ठशावर आणखी कॅबचा आयआर (स्पीकरच्या पेटीचा आवाज नोंदवलेली फाइल) चढवलाय का? काही ठसे नुसत्या अँपचे असतात, काहींत अँप, स्पीकर, माइक सगळं आलेलं असतं. दुसऱ्या प्रकारावर आयआर लावला की स्पीकरवर स्पीकर. मी स्वतः महिनाभर हे केलंय. घोंगडं पांघरून कुणी ओरडतंय असं वाटायचं, आणि मी ट्रेबल वाढवत होतो.

तंतुवाद्य

डिस्टॉर्शनला 'विरूपण' म्हणणाऱ्यांनी ते एकदा तोंडाने म्हणून बघावं. आपल्याकडे 'जवारी' असताना हा पाठ्यपुस्तकी शब्द कशाला? मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, तार घोडीला अल्लद चाटून जाते आणि सहायक नादांचं मोहोळ उठतं. खुली जवारी, बंद जवारी असे भेदही तयार आहेत. खुल्या जवारीचा ठसा म्हटलं तर काय बिघडलं?

पाटीपेन्सिल

कानाला गोड, पण बिघडतं. तंबोऱ्याच्या तारा आपापली जवारी घेऊन येतात, एकमेकींच्या आवाजात नवे आवाज कालवत नाहीत. अँपमध्ये सगळ्या तारा एकाच छाटणीतून जातात. दोन स्वर आत गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही बाहेर येतात. मेटलवाले सा-प इतकं का वाजवतात? त्यांचं प्रमाण २:३. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा! खालचा ई ८२ हर्ट्‌झचा, वरचा बी १२३चा, फरक ४१चा. फुकटात खर्ज मिळाला. सा-ग वाजवा, मग बघा कसा चिखल होतो. जवारीत हा प्रकार नाही.

तो ४१चा फुकटचा खर्ज मिक्समध्ये बेस गिटारच्या पायात येतो, म्हणून शहाणे लोक गिटारला ८०-१०० हर्ट्‌झच्या खाली कात्री लावतात.

जाडतार

शिवाय आमच्याकडे जवारी म्हणजे भाकरीची. त्यावरूनच सुचलं : डिस्टॉर्शनला दळणाचे शब्द घ्या. थोडा गेन म्हणजे भरड. त्यात पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) प्रत्येक घाव वेगळा कळतो. गेन वाढवत नेला की बारीक पीठ होतं, मऊ लागतं, एकट्याने वाजवताना मजा येते. पण ड्रम आणि बेस आले की गिटार कुठे गेली कळत नाही. मेटलचं दळण वाटतं त्यापेक्षा भरड असतं. जाडी आणायची तर तीच ओळ दोनदा वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे टाकतात. एकच टेक कॉपी करून नव्हे, खरोखर दोनदा वाजवून.

बाकी शब्द मी असे वापरतो : 'मडी'ला गढूळ. 'फिझ'ला फसफस, ही साधारण चार हजार हर्ट्‌झच्या वर असते आणि हेडफोनवर जास्त टोचते. मधला पट्टा काढून टाकलेल्या टोनला पोखरलेला.

अर्धवट_रियाझ

कालची हकिगत. भाच्याला म्हटलं, हा ठसा आहे, बटणांना हात लावायचा नाही. आयआर चढवलेला होताच, काढल्याबरोबर पलीकडून "आयला!" ऐकू आलं. मग त्याला गेन ३, ५ आणि ७चे तीन ठसे दिले आणि एकच रिफ (पुन्हापुन्हा येणारी छोटी ओळ) वाजवायला सांगितलं. 'पाम म्यूट'साठी शब्द शोधायलाच लागला नाही. तो चार वर्षं तबला शिकलाय. म्हणाला, "म्हणजे बंद बोल." मी गारद. तळहाताची कड घोडीजवळ टेकवून वाजवला तो बंद बोल, हात उचलला की खुला. सातवाल्या ठशात त्याचे बंद बोल एकमेकांत मिसळत होते, पाचमध्ये सुटे झाले, तीनमध्ये हात कुठे लंगडतो तेही ऐकू यायला लागलं. ते त्याला आवडलं नाही. पाचवर तडजोड झाली.

एक मात्र राहिलं. गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसवरचा इनपुट गेन त्याने पार वर ठेवला होता, लाल दिवा लागेपर्यंत. ठशात शिरणारा सिग्नलच तगडा असला की पाचवाला ठसा सातसारखा वागतो. यालाही तो गेनच म्हणतो आणि त्यालाही गेनच. हे दोन गेन वेगळे कसे करायचे?

तंतुवाद्य

आत येणाऱ्याला 'आवक' म्हणा. मार्केट यार्डात रोज म्हणतात.

(जवारीचं दुःख आहे, पण वजाबाकीच्या स्वरांपुढे इलाज नाही.)

अर्धवट_रियाझ

आवक! घेतला. आता नॉइज गेट. दोन बंद बोलांमधली खरखर तो तोडतो, पण भाच्याने तो इतका कडक लावलाय की लांब स्वराची शेपटीही छाटली जाते. याला राखणदार म्हणावं का?

जाडतार

गेटच म्हणा. आणि थोडं सैल करायला सांगा.