ब्रिटनला उन्हाळा नसतो म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

ढगवेडा
परवा एका ग्रुपवर इथे नवीनच आलेल्या कुणीतरी लिहिलं, "यूकेत समर नसतोच हो. जूनमध्ये आठवडाभर ऊन पडतं, त्यालाच हे लोक समर म्हणतात, बाकी सगळा राखाडी कारभार." खाली हसऱ्या तोंडांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

आपल्याकडे मार्चपासून तापायला लागतं, मे संपेपर्यंत तापतं, मग पाऊस. ऋतू म्हटला की सलग दोन-तीन महिने एकच हवा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इथे तसं होणारच नाही. बेट आहे, पश्चिमेला अख्खा अटलांटिक, आणि डोक्यावरून जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जातो. तो उत्तरेला सरकला की अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडचा उच्च दाब वर येतो आणि छान कोरडं ऊन पडतं, दक्षिणेला उतरला की एकामागोमाग एक डिप्रेशन, म्हणजे पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे. २०१२ ला तो दक्षिणेलाच अडकून बसला आणि शंभर वर्षांतला सगळ्यात ओला उन्हाळा झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुष्काळ म्हणून नळीबंदी (बागेला नळीने पाणी घालायला बंदी) लागली होती, बंदी लागली आणि पाऊस जो सुरू झाला तो थांबेचना. २ जून १९७५ ला बक्स्टनला बर्फ पडून काउंटी क्रिकेटची मॅच थांबली, आणि पुढच्याच वर्षी १९७६ चा तो प्रसिद्ध उन्हाळा, सलग १५ दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ च्या वर. सरकारने ऑगस्टमध्ये दुष्काळाचं काम खास डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्याकडे दिलं आणि थोड्याच दिवसांत पाऊस आला.

माझं म्हणणं एवढंच, इथला उन्हाळा महिन्यांनी मोजू नका, दिवसांनी मोजा. सकाळी १४ अंश, दुपारी २६, संध्याकाळी गारा आणि रात्री साडेनऊला अजून उजेड. आकाश बघायची आवड असेल तर याच्यासारखी जागा नाही. आणि पाऊस पाऊस करणाऱ्यांसाठी, लंडनला वर्षाला जेमतेम ६०० मिमी पडतो. पुण्यात त्याहून जास्त पडतो.

लीड्सवाली
पूर्ण असहमत. पहिली गोष्ट, लंडन-रेडिंगवाल्यांनी "ब्रिटन ब्रिटन" करू नये. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेटला वर्षाला ३००० मिमीच्या वर पडतो, ते पण ब्रिटनच. आणि पुण्याचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथे कधीही पडतो, तोच तर त्रास आहे. वार्षिक आकडा सांगून काय उपयोग, छत्री कुठल्या महिन्यात माळ्यावर टाकू ते सांगा! लेकीचा वाढदिवस जुलैत असतो, दरवर्षी बागेत करायचं ठरतं, दरवर्षी सगळी पोरं चिखलाच्या पायांनी कार्पेटवर. तुम्हाला आकाश बघायचंय, आम्हाला कपडे वाळवायचेत.

मिडऑफ
मॅचचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. २०१९ चा वर्ल्डकप. ट्रेंट ब्रिजला न्यूझीलंडविरुद्ध एक चेंडू न पडता मॅच गेली. मी सुट्टी काढून, महागडं तिकीट काढून गेलो होतो, दिवसभर कव्हर्स बघितली. मग ओल्ड ट्रॅफर्डची सेमी, पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेत आपली बॅटिंग, रोहित १, राहुल १, कोहली १. आपण हरलो १८ रन्सनी. पहिल्याच दिवशी उन्हात बॅटिंग मिळाली असती तर निकाल वेगळा असता, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

ढगवेडा
@मिडऑफ २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी फायनल विसरलात का? एजबॅस्टन, पावसाने २० ओव्हर्सची झाली आणि आपण ५ रन्सनी जिंकलो. तेव्हा कुणी हवेला शिव्या दिल्या नाहीत.
@लीड्सवाली उत्तरेचा मुद्दा बरोबर, पण मग तुम्हीच बघा, एवढ्याशा देशात पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात आणि पूर्वेला एसेक्स-केंट कोरडं राहतं. आपल्याकडे महाबळेश्वर आणि फलटण, तोच खेळ. म्हणजे "यूकेचं वेदर" असं एक काही नाहीच.

जळगावकर
मला एक कळत नाही, तुम्ही लोक ३० अंशाला "हीटवेव्ह" म्हणता आणि बातम्यांत लाल नकाशा दाखवतात. आमच्याकडे मे महिन्यात ४४ असतं, बाया डोक्यावर पदर घेऊन केळीच्या बागेत काम करतात. मी गेल्या वर्षी भावाकडे लंडनजवळ स्लाऊला आलो होतो, २९ अंश होतं, भाऊ आणि वहिनी दोघं सोफ्यावर आडवे. जरा लाज बाळगा.

वॉर्डताई
लाज कशाची? मी वयस्कर लोकांच्या वॉर्डवर काम करते. १९ जुलै २०२२, ज्या दिवशी लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला पारा ४०.३ वर गेला, त्या दिवशी मी ड्युटीवर होते. खिडक्या चार बोटं उघडतात, वर पंखा नाही, ऐंशी वर्षांच्या आजी ज्यांना तहान लागलेली कळतच नाही. त्या उन्हाळ्याच्या उष्ण दिवसांत इंग्लंडात जवळपास ३ हजार जादा मृत्यू झाले असा सरकारी अंदाज आहे. ४४ मध्ये काम करणाऱ्यांबद्दल आदरच आहे, पण त्या बायांचं शरीर मार्चपासून हळूहळू सरावतं. इथे सोमवारी २१ असतं आणि गुरुवारी ३४. सवय व्हायला वेळच मिळत नाही. धाग्यात जे "बदलतं हवामान" म्हणून कौतुक चाललंय ना, माणसं त्यानेच मरतात.

जळगावकर
ताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण ती ३ हजार माणसं ४० अंशाने गेली की पंखे न लावल्याने गेली? ४० येणार हे काय एका रात्रीत कळलं? २०१९ ला केंब्रिजला ३८.७ झालंच होतं. सिलिंग फॅनला असा किती खर्च येतो? जगावर राज्य केलं आणि छताला हूक नाही!

विटामाती
हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून लिहितो, अवांतर झालं तरी होऊ दे. छत आठ फुटांच्या आत-बाहेर, सिलिंग फॅन लावला तर उंच माणसाने हात वर केला की लागतो. घर बांधलंय ते उष्णता आत ठेवायला. माळ्यावर जाड इन्सुलेशन, खाली कार्पेट, पश्चिमेला मोठी काच आणि बाहेर ना छज्जा ना ओसरी. थर्मासमध्ये चहा गरम राहतो तसा माणूस आत गरम राहतो. आपल्या जुन्या वाड्याच्या भिंती, चौक, शहाबादी फरशी, दुपारी दारं लावून घ्यायची पद्धत, हे सगळं गरम हवेसाठी शतकानुशतकं शिकलेलं आहे. इथे तसंच थंडीसाठी शिकले. रेल्वेचं बघा, रूळ टाकताना रुळाचं तापमान २७ अंश धरून ताणतात, रूळ त्याच्या फार वर तापला की फुगून वाकू शकतो म्हणून गाड्या हळू चालवतात. भारतात तो आकडा जास्त धरतात. यात मूर्खपणा नाही, वर्षातले बहुतेक दिवस बघून घेतलेला निर्णय आहे. फक्त ते दिवस आता बदलतायत.

लीड्सवाली
घराचं निघालंच आहे तर बोलतेच. मी लॉफ्टच्या (छपराखालच्या माळ्यावरच्या) खोलीत भाड्याने राहायचे, घरमालकाला म्हटलं पोर्टेबल एसीची नळी खिडकीतून काढू का, तर नाही, "बाहेरून वाईट दिसतं". लेक तान्ही होती तेव्हा. ओला पंचा बाळाच्या पाळण्याजवळ टांगून रात्र काढली. त्यामुळे जळगावकर, "लाज बाळगा" हे शब्द मागे घ्या.

जळगावकर
बाळाबद्दल वाईट वाटलं. पण तोच ओला पंचा माझ्या आईने आयुष्यभर टांगला आणि तिला कुणी लाल नकाशा दाखवला नाही. शब्द मागे घेत नाही. फार तर भावाला म्हणालो होतो, तुम्हाला नाही, असं समजा.

साउथॉलचे काका
मी ७४ ला आलो. ७६ या डोळ्यांनी बघितलंय, रस्त्यावरच्या नळाला बादल्या लावून रांगा, पार्कातलं गवत पिवळं, डांबर बुटाला चिकटायचं. कुणी हवामान बदल वगैरे म्हटलं नाही. ऑफिसात टाय सैल करायची परवानगी मिळाली हीच बातमी. उन्हाळे येतात जातात, हल्लीच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचं संकट करायचं असतं. वॉर्डताईंनी रागावू नये, पण आम्ही जगलोच की.

ढगवेडा
काका, मान ठेवून सांगतो, हे चुकीचं आहे आणि हे मी सोडणार नाही. मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद १६५९ पासून आहे, म्हणजे शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारलं त्या वर्षापासून. इतकी लांब नोंद जगात दुसरी नाही. २०२५ चा उन्हाळा यूकेत १८८४ पासूनच्या नोंदीत सगळ्यात गरम, सरासरी १६.१. तुमचं ७६ पहिल्या पाचातूनसुद्धा बाहेर गेलं. आणि २०२५ ला ४० झालंच नाही, कमाल ३५.८, केंटमध्ये. म्हणजे एखादा भयंकर दिवस न येताही अख्खा मोसम वर सरकला. ७६ ला ऊन होतं ते जेटमुळे, एक अडकलेला उच्च दाब. आता तसा उच्च दाब अडकला की तो मुळातच गरम झालेल्या हवेवर बसतो.

साउथॉलचे काका
आकडे तुमचे बरोबर असतील. पण सरासरीला घाम येत नाही. ७६ चं ऊन मी भोगलंय, ते तुमच्या १६.१ पेक्षा कडक होतं, आणि हे तुम्हाला मान्य करावं लागेल.

ढगवेडा
त्या पंधरा दिवसांपुरतं मान्य. मोसमाबद्दल नाही.

वॉर्डताई
काका, "आम्ही जगलो" हे जगलेलेच सांगू शकतात. एवढंच.

मिडऑफ
सेमी फायनलवर कुणीच बोललं नाही अजून.

विटामाती
नको तो विषय. उपायाचं बोला. पडदे खोलीच्या आत लावून फार फायदा नाही, ऊन काचेतून आत आलेलं असतं. अडवायचं ते काचेच्या बाहेर. इटली-स्पेनमध्ये लाकडी झडपा असतात त्या उगाच नाहीत. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, रात्री बाहेर गार झालं की समोरासमोरच्या दोन उघडा, लॉफ्टचं झाकण पण उघडा.

जळगावकर
हे तर आमची आजी करायची. बाहेरून वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी. बरं, झडप ठीक आहे, पण स्लाऊच्या टेरेस घराला (एका रांगेत चिकटून असलेल्या घरांपैकी) लावायला कौन्सिलची परवानगी लागते का? भाऊ विचारतोय, वहिनीची खोली पश्चिमेला आहे.

विटामाती
बहुतेक घरांना लागत नाही, लिस्टेड (वारसा म्हणून नोंदलेली) इमारत किंवा जपणुकीचा भाग (कॉन्झर्वेशन एरिया) असेल तर आधी विचारा. भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. आणि हे काम मार्चमध्ये उरका, जूनमध्ये सुतार फोन उचलत नाही.