मदत हवी आहे: शिराझसाठी खुंट डॉगरिज की ११० आर?

नमस्कार मंडळी,

सिन्नरच्या पूर्व भागात आमचं माळरान आहे. उंची साधारण ६५० मीटर, जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. सगळी भिस्त शेततळ्यावर. यंदा दोन एकरांत शिराझ हे वाइनचं द्राक्ष लावायचंय. (वायनरीशी करार झाल्याशिवाय लावू नका, हे सांगायला नको. बोलणी चालू आहेत.)

प्रश्न खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर शिराझचं कलम करायचं त्याचा. वडील म्हणतात, डॉगरिजच लाव, आपल्या थॉमसनला (खायच्या द्राक्षाला) तोच खुंट आहे. पाण्याचा ताण तो सोसतो, खरंय. पण त्याचा जोम फार. पालाश (पोटॅशियम) जास्त उचलतो आणि रसाचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे आंबटपणा घटतो, असं ऐकलंय. खायच्या द्राक्षाला ते चालून जातं, वाइनला नाही. म्हणून माझा कल ११० आरकडे आहे. मुरमाड रानात कुणाचा अनुभव?

दुसरी धास्ती छाटणीची. उशिरा घेतली तर मार्चच्या चटक्यात साखर भराभर चढते आणि आम्ल उतरतं. गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबरअखेर उरकली तर परतीच्या पावसात डाऊनी हा बुरशीचा रोग ठरलेला. तुम्ही तारीख कोणती धरता? आणि मणी रंग धरताना ड्रिपचं पाणी किती तोडता?

वडिलांना पटेल असं काहीतरी सांगा, प्लीज.