आबांचा फेटा आणि घरातल्या टोप्या: मातीच्या भिंतीवर काय लावू?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं, जुनं. मातीत बांधलेल्या विटा, वरून चुन्याचा गिलावा. सोप्यातून आत जायला ३ फुटी बोळ आहे, त्याच्या डाव्या भिंतीवर टोप्यांची सोय करायची आहे.

धाकट्याच्या ४ क्रिकेटच्या टोप्या, मिस्टरांची एक लोकरी फेल्ट हॅट, २ हेल्मेट. थोरल्याची रुंद काठाची टोपी. तो दर जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जातो आणि टोपी पिळून काढावी अशी भिजवून आणतो. आणि आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ३ टोप्या. दोन पांढऱ्या, एक काळी. शिवाय त्यांचा जरीचा फेटा, बांधलेलाच.

आबा गेले त्याला जूनमध्ये वर्ष होईल. फेटा फक्त कुस्त्यांच्या मैदानाला. एरवी काळी टोपी, आणि ती कायम सोप्यातल्या एकाच खुंटीला. बाहेरून आले की आधी टोपी खुंटीला, मग पायावर पाणी. गेल्या पावसाळ्यात ती खुंटी गिलाव्यासकट निघून आली. तेव्हा टोपी ट्रंकेत ठेवली. परवा उघडली तर आतल्या कातडी पट्टीवर पांढरी बुरशी. रडूच आलं मला. आता घाईनं काही ठोकायचं नाही, नीट विचारूनच करायचं.

लक्ष्मीपुरीत स्टीलच्या ५ हुकांची पट्टी बघितली. थोरला म्हणतो लोखंडी जाळी लावू. तुमच्याकडं काय आहे?

राजारामपुरीचा सुतार

वहिनी, मातीच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात ती खुंटी, धरत नाही. ड्रिल फिरलं की माती सुटते, भोक वाढतच जातं. तुमची खुंटी तशीच निघाली असणार.

बोळाच्या दोन्ही अंगाला लाकडी खांब किंवा चौकट असेल तर प्रश्नच मिटला. सागवानी पट्टी घ्या, ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड, आणि टोकं लाकडात स्क्रूनं आवळा. भिंतीवर भारच येत नाही. लाकूड नसेल तर जुनी रीत: ५ इंच लांब लाकडी गिट्टी, मागं रुंद, पुढं निमुळती, चुना-वाळूत बसवायची. पुढं निमुळती असली की ओढली तरी बाहेर येत नाही. चुना नीट सुकू द्या, मगच स्क्रू. सिमेंट अजिबात नको, चुन्याच्या भिंतीत त्यानं ओल आतच कोंडते.

पट्टीवर खुंट्या बसवल्या की झालं खुंटाळं. क्रिकेटच्या टोप्यांना दोन खुंट्यांत ८ इंच पुरे, रुंद काठाच्या टोपीला १४ सोडा. हेल्मेट बोळात नको. दोन्ही मिळून ३ किलोच्या आसपास भार, आणि येता-जाता खांद्याला लागणार.

इचलकरंजीची सून

काकू, स्टीलचा हुक फेल्टला लावूच नका. बाबांच्या हॅटला बरोबर मधोमध टेंगूळ आलं, ते वाफ देऊनही पूर्ण बसलं नाही. टोपीचा भार मोठ्या गोल बुडावर पडायला हवा. आम्ही सावंतवाडीच्या चितारआळीतून ३ इंची लाकडी गोल मुठी कातून आणल्या, त्याच खुंट्यांच्या टोकाला बसवल्या. लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा ब्रश फिरवते. भिजलेली टोपी मात्र खुंटाळ्यावर नको, आधी वाऱ्यावर पूर्ण वाळवा.

बुरशी घरात झाडू नका, बाहेर कोवळ्या उन्हात मऊ ब्रशनं काढा. कातडी पट्टी उलटून वाळू द्या, टोपी परत बसेल.

फेटे बांधणारा

ताई, बांधलेला फेटा खुंटीला कधीच नको. शेमल्याच्या, म्हणजे मागं सोडलेल्या टोकाच्या, बाजूला ओढ बसते, पीळ सैल होतात, तुरा मान टाकतो. डोक्याच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर बसवा, वरून मलमल. प्लास्टिकची पिशवी नको, ओलीनं जरीचे धागे काळे पडतात. डांबरगोळीही जरीला टेकवू नका. जुन्या सोप्यात कोनाडा असतो की, तिथंच शोभेल. भिंत बाहेरून पावसाची नसावी एवढं बघा.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. बोळाच्या दोन्ही टोकांना सागवानी चौकट निघाली, रंगाखाली झाकली गेली होती! जाळी रद्द. खुंटाळं करायचं, आणि सोप्याकडची पहिली खुंटी आबांच्या काळ्या टोपीची. पांढऱ्या दोन्ही घडी करून कपाटात जातील, ते स्वतःही तशाच ठेवायचे.

कोनाडा आहे सोप्यात, आतल्या भिंतीला, कोरडा. पूर्वी तिथं कंदील असायचा, आता मुलांचे चार्जर. सकाळी सगळं काढून फेटा ठेवून बघितला. रुंदीला बसतो, पण तुरा वर टेकतो, बोटभर. वरची फळी काढून थोडं खरवडलं तर?

राजारामपुरीचा सुतार

वरच्या फळीला हात लावू नका वहिनी, तिच्यावर वरची भिंत तोललेली आहे. खालचा गिलावा २ बोटं उतरवा, ठोकळाही बुटका करून घ्या. आधी एक फोटो टाका, मग सांगतो.